घर घोड्यांना द्यायचं आहे
वाचकांचे प्रश्न : मृत्युपत्र आणि वारसा

प्रश्न : माझं वय ७३. पुण्यात सहकारनगरला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, १९८६ साली आम्ही दोघांच्या नावावर घेतलेला. यजमान २००९ मध्ये गेले. मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. तो चार वर्षांपूर्वी गेला, एकतिसाव्या वर्षी. नऊ वर्षांचा असल्यापासून दर शनिवारी त्याला शहराबाहेरच्या एका संस्थेत घोड्यावर बसवायला न्यायचो. त्याच्या मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर आवळलेल्या असायच्या. अर्धा तास घोडा चालला की त्या सैल पडायच्या आणि त्या दिवशी त्याला पायजमा घालायला मी एकटी पुरायची. एरवी दोन माणसं लागायची. शेवटची काही वर्षं तो ज्याच्यावर बसायचा तो मोती अजून तिथेच आहे. आता म्हातारा झालाय, काम करत नाही. माझ्यामागे फ्लॅट या संस्थेला जावा असं मनात आहे. बहिणीची मुलगी माझं सगळं बघते, तिलाही काही द्यायचं आहे. धाकटे दीर म्हणतात की घर कुटुंबाबाहेर देताच येत नाही, आणि घोडेस्वारी म्हणजे श्रीमंतांचं खूळ. मला असं घर देता येईल का? मोतीच्या नावाने काही ठेवता येईल का? आणि उद्या संस्थाच बंद पडली तर?
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं पायजम्याचं वाक्य वाचून मी कागद खाली ठेवला. पस्तीस वर्षं वकिली केली, त्यातली निम्मी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. देणगी देणारे पुष्कळ पाहिले. आपण नेमकं कशासाठी देतोय हे इतक्या स्वच्छ सांगणारं माणूस फार क्वचित भेटलं.

उत्तर लिहिण्याआधी एका शनिवारी सकाळी मी अशीच एक जागा बघून आले. सहा-सात वर्षांची मुलगी होती, मान सावरत नव्हती. लाकडी उतारावरून तिची खुर्ची वर नेली आणि तिथून तिला घोडीवर बसवलं. खोगीर नव्हतं, नुसता जाड नमदा, म्हणजे घोडीच्या अंगाची ऊब थेट मांड्यांना मिळते. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा जरा गरमच असतं, अडतीस अंशांच्या आसपास. एक जण लगाम धरून पुढे, दोघी दोन्ही बाजूंना मुलीच्या मांडीवर हात ठेवून. घोडी चालायला लागली की पाठ वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे हलते, आणि चालताना आपली कंबर जशी हलते तसंच बसणाऱ्याची कंबर हलते. जे मूल कधी चाललंच नाही त्याच्या कमरेला चालणं कळतं ते असं. तिसऱ्या फेरीला त्या मुलीने मान उचलली. बारा-पंधरा पावलं धरून ठेवली असेल. तिची आई कुंपणाशी उभी होती. तिने माझा हात धरला, आणि आमची ओळखसुद्धा झालेली नव्हती.

दिरांना एवढं सांगा. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंना १९४४ साली पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना दुसऱ्याची मदत लागे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीने उतरून त्यांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या कसरती चालीच्या स्पर्धेत, रौप्यपदक मिळवलं. १९५६ साली पुन्हा तेच. युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीची केंद्रं निघाली त्यामागे या बाईंचं उदाहरण मोठं आहे. खुळापायी कोणी एवढं करत नाही.

आता कायद्याकडे. घर कुटुंबाबाहेर देता येत नाही हे चूक आहे. स्वतःच्या मालकीची मिळकत हिंदू स्त्री मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकते : भाचीला, शेजारणीला, संस्थेला. उलट, तुम्ही मृत्युपत्र केलंच नाही तर काय होईल ते बघा. मूल नसलेली विधवा मृत्युपत्राशिवाय गेली, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिची मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. माहेरून वारशाने आलेलं तेवढं वेगळं. म्हणजे फ्लॅट दिरांकडे. जिने तुमची औषधं आणली, रात्री-अपरात्री रिक्षा केली, त्या भाचीला त्यातली एक वीटही मिळणार नाही. पुष्कळ बायकांना हे माहीत नसतं. तेव्हा घोड्यांसाठी नाही तर निदान भाचीसाठी तरी हा कागद या महिन्यात व्हायला हवा.

मात्र त्याआधी एक प्रश्न मी तुम्हाला विचारते, आणि त्याचं उत्तर नीट आठवून द्या. २००९ साली यजमान गेले तेव्हा सासूबाई हयात होत्या का? यजमानांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्यांच्या अर्ध्या हिश्शाचे तीन वारस होतात : तुम्ही, मुलगा आणि त्यांची आई. सासूबाई असतील तर घराचा सहावा हिस्सा तेव्हा त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्यामागे तो त्यांच्या मुलामुलींत वाटला गेला, त्यात दीरही आले. मुलाचा हिस्सा त्याच्यामागे तुमच्याकडे आला, त्याची काळजी नको. पण सासूबाईंचा धागा शिल्लक असेल, तर दिरांच्या ‘घर कुटुंबाचं’ म्हणण्यात थोडं तथ्य आहे. ते आता, तुम्ही बोलायला-सवरायला असताना सोडवा. हक्कसोडपत्र करून घ्या, नाहीतर त्यांचा वाटा बाजूला ठेवूनच मृत्युपत्र लिहा. तुमच्यामागे हा वाद संस्थेच्या दारात गेला तर ती लोकं घोडे सांभाळतील की कोर्टाच्या तारखा? सासूबाई आधीच गेल्या असतील तर हा परिच्छेद विसरा.

माझं मुख्य म्हणणं पुढे आहे. ताई, संस्थेला फ्लॅट देऊ नका, फ्लॅटचे पैसे द्या.

नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या, म्हणजे ट्रस्टच्या, नावावर घर एकदा चढलं की ते विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५०च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कायदा योग्यच आहे, विश्वस्तांनी न्यासाच्या मिळकती फुंकून टाकू नयेत म्हणून केलेला. पण त्यासाठी ठराव, मूल्यांकन, निविदा, सुनावणी हे सगळं आलं. एका निवृत्त शिक्षिकेने आपली वन रूम किचन एका संस्थेला ठेवली होती, तिचं काम माझ्याकडे होतं. परवानगी येईपर्यंत चार वर्षं गेली. घराला कुलूप, सोसायटीची थकबाकी व्याजासकट वाढत होती, पावसाळ्यात छत गळून खालच्या बिऱ्हाडाचं भांडण, आणि संस्थेच्या हातात एक पैसा नाही. मी त्या बाईंना त्यांच्या हयातीत भेटले होते. ‘माझ्या घरातून पोरांचं भलं होऊ दे’ म्हणाल्या होत्या. त्या कुलपाकडे बघून मला फार वाईट वाटायचं.

चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-आठ किलो सुका चारा लागतो, त्यावर दाणा, लसूणघास, पंचवीस-तीस लिटर पाणी. सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येतो. वर्षातून एकदा दात घासून घ्यावे लागतात, कारण ते वाढत राहतात आणि मग त्याला चावता येत नाही. रात्री दोनला पोटशूळ उठला तर डॉक्टरला तेव्हाच बोलवावं लागतं, सकाळपर्यंत थांबता येत नाही. तबेल्याचा खर्च असा रोजचा आहे.

म्हणून मृत्युपत्रात एक्झिक्युटर नेमा. मृत्युपत्र अमलात आणणारा माणूस तो. तुमची भाची चालेल, तिला लाभ मिळत असला तरी चालेल. त्याला स्पष्ट अधिकार द्या. शब्द साधारण असे : ‘माझ्या पश्चात माझ्या एक्झिक्युटरने सदर सदनिका बाजारभावाने विकावी, माझी देणी व अंत्यविधीचा खर्च भागवावा आणि उरलेल्या रकमेपैकी इतके टक्के माझ्या भाचीला व इतके टक्के अमुक न्यासाला द्यावेत.’ टक्केच लिहा, आकडा लिहू नका. आज दहा लाख भरघोस वाटतात. पंधरा वर्षांनी त्यात काय येईल सांगता येत नाही, आणि घराचा भाव पडला तर ठरलेला आकडा एकाचं सगळं खाऊन टाकतो.

न्यासाचं नाव पाटीवरचं लिहू नका. नोंदणीतलं पूर्ण नाव, सार्वजनिक न्यास नोंदणी क्रमांक आणि पत्ता लिहा. एकासारख्या एक नावाच्या संस्था असतात आणि ‘घोड्यांची संस्था’ एवढ्यावर दोघी हक्क सांगत येतात. संस्था बंद पडली तर काय, याची सोयही तिथेच होते. पुढचं वाक्य घाला : ‘सदर न्यास अस्तित्वात नसल्यास किंवा हे काम करत नसल्यास ही रक्कम माझ्या एक्झिक्युटरने असंच काम करणाऱ्या दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला द्यावी.’ दुसऱ्या न्यासाचं नाव सुचवता आलं तर उत्तम. हे वाक्य नसेल तर लाभच रद्द होऊन उरलेल्या मिळकतीत मिसळू शकतो.

आता मोती. जनावराला कायद्याने मालकी घेता येत नाही, त्यामुळे मोतीला काही ठेवता येणार नाही. ‘फक्त मोतीच्या चाऱ्यासाठी’ असं संस्थेला बांधून देणंही टाळा. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो, तो तुमच्याआधी गेला तर त्या अटीपायी पैसे अडकतील. रक्कम संस्थेच्या सर्वसाधारण कामासाठी द्या आणि खाली फक्त इच्छा म्हणून लिहा : काम थांबलेल्या घोड्यांच्या सांभाळाला प्राधान्य द्यावं. इच्छा विश्वस्तांना बांधत नाही, पण चांगले विश्वस्त ती पाळतात. रक्कम कायम ठेवीत ठेवून फक्त व्याज वापरा अशी अट घालायचा मोहही होईल. मी नाही म्हणेन. अशा लहान संस्थांना खर्चायला पैसा हवा असतो. मोतीसाठी जे करायचं ते आजच करा, शनिवारी जाऊन त्याच्या महिन्याच्या चाऱ्याचे पैसे द्या.

आणि गेलात की डोळे उघडे ठेवा. तुमचा मुलगा तिथे वर्षानुवर्षं गेला, त्यामुळे तुमचा विश्वास आहे. पण विश्वस्त बदलतात. काम थांबलेले घोडे कुठे आहेत ते विचारा. ते दिसले, खुरं नीट कापलेली दिसली, अंगावर खराऱ्याचा हात फिरलेला दिसला, तर मला आणखी पुरावा लागत नाही. मग न्यासाचे लेखापरीक्षित हिशेब मागा. ते द्यायला टाळाटाळ झाली तर मात्र थांबा.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. भाचीला साक्षीदार करू नका, उगाच बोट दाखवायला जागा नको. नोंदणी सक्तीची नाही, पण दिरांचा विरोध आधीच दिसतोय, तेव्हा दुय्यम निबंधकांकडे नोंदवूनच टाका. त्याच दिवशी डॉक्टरांकडून तुम्ही मनाने ठणठणीत असल्याचा दाखला घ्या. सोसायटीत आणि बँकेत नॉमिनी कोण आहे तेही बघा. नॉमिनी मालक होत नाही, तो फक्त ताब्यात घेतो, पण तिथे अजून यजमानांचं नाव असेल तर भाचीला महिनोन् महिने हेलपाटे पडतील.

शेवटचं एक. संस्थेला हे आत्ताच सांगा. पुष्कळांना संकोच वाटतो. पण सांगितलंत तर ते नाव-क्रमांक बरोबर लिहून देतील, आणि तुम्हाला ते कोण म्हणून वागवतात तेही कळेल. सासूबाईंबद्दलचं उत्तर मला कळवा.

प्रश्न : मी १९८९ पासून इंग्लंडमध्ये, रेडिंगजवळ राहतो. ब्रिटिश नागरिक आहे, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड आहे. पत्नी हयात नाही, एक मुलगी आहे. निवृत्तीनंतर दर बुधवारी इथल्या ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड’ या अपंगांना घोड्यावर बसवणाऱ्या संस्थेच्या स्थानिक गटात घोड्याच्या बाजूने चालायचं काम करतो. थोडं या गटाला आणि थोडं ठाणे जिल्ह्यातल्या अशाच एका संस्थेला ठेवायचं आहे. ठाण्यात वडिलांकडून आलेला फ्लॅट माझ्या नावावर आहे. एकच मृत्युपत्र पुरेल का?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर : पुरेल, पण मी दोन करायला सांगेन. तिथल्या मिळकतीसाठी तिथल्या वकिलाकडून, ठाण्याच्या फ्लॅटसाठी इथल्या वकिलाकडून. यात एकच मोठा धोका आहे. छापील नमुन्यात पहिलंच वाक्य असतं, ‘मी यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द करतो.’ दुसरं मृत्युपत्र करताना ते तसंच राहिलं तर पहिलं कागदोपत्री मेलं. दोन्हीकडे लिहा की हे फक्त अमुक देशातल्या मिळकतीपुरतं आहे आणि दुसरं कायम आहे. दोन्ही वकिलांना एकमेकांचा मसुदा दाखवा.

इंग्लंडमध्ये दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर हजर लागतात, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला ठेवलेलं दान रद्द होतं. तेव्हा गटातल्या कुणाला काही ठेवणार असाल तर त्यांची साक्ष घेऊ नका.

तुमच्या गटाबद्दल एक बारीक गोष्ट. रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन ही १९६९ सालची राष्ट्रीय संस्था, राजकन्या अॅन १९८५ पासून तिच्या अध्यक्ष. पण गावोगावचे पुष्कळ गट स्वतंत्र धर्मादाय संस्था आहेत, त्यांचा नोंदणी क्रमांक वेगळा. नुसतं राष्ट्रीय संस्थेचं नाव लिहिलंत तर पैसे तिकडे जातील, आणि बुधवारच्या तुमच्या घोड्यांपर्यंत पोचतीलच असं नाही. गटाचा स्वतःचा क्रमांक चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत बघून घाला.

कराचं गणित तुम्हाला अनुकूल आहे. तिथे ३,२५,००० पौंडांच्या वरच्या मिळकतीवर ४० टक्के वारसा कर आहे. राहतं घर मुलीला जाणार असेल तर वाढीव सूट वेगळी. ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्थेला ठेवलेल्या रकमेवर हा कर लागत नाही. शिवाय सूट वजा जाता उरलेल्या मिळकतीचा किमान दहावा भाग धर्मादाय ठेवला तर बाकीच्यावर दर ४०चा ३६ होतो. आठ टक्के ठेवायचा विचार असेल तर दहा करून बघा, मुलीच्या हाती जवळजवळ तेवढंच किंवा जास्तही उरेल. एप्रिल २०२५ पासून तिथे दीर्घकाळ राहणाऱ्यांच्या जगभरच्या मिळकतीवर हा कर बघितला जातो, म्हणून ठाण्याच्या फ्लॅटचा उल्लेख तिथल्या सल्लागारापाशी जरूर करा.

ठाणे जिल्ह्यातल्या संस्थेचं काम अवघड आहे. ती ब्रिटनमधली नाही, त्यामुळे तिला ठेवलेल्या रकमेला तिथल्या करात सूट नाही. आणि तुम्ही परदेशी नागरिक आहात, ओसीआय असलात तरी. तुमचे पैसे इथे परकीय निधी धरले जातात, ठाण्याचा फ्लॅट विकून रुपयांत दिले तरी. एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच ते घेता येतात आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच. त्या संस्थेला आजच विचारा. नोंदणी नसेल तर तुमच्या प्रेमापोटी ती लोकं अडचणीत येतील, आणि अशा लहान संस्थेला ते परवडत नाही. मग ठाण्याचा फ्लॅट मुलीला आणि धर्मादाय वाटा सगळा तिथल्या गटाला, असं करा. तुम्हाला इकडच्या मुलांची ओढ आहे हे मला समजतं. पुढच्या भेटीत त्या तबेल्यात एक सकाळ घालवा. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं घोड्याच्या बाजूने चाललेला माणूस तिथल्या पोरांना कसं धरायचं ते दाखवू शकतो, आणि त्याला कुठलीही नोंदणी लागत नाही.

प्रश्न : मृत्युपत्रातून संस्थेला रक्कम ठेवली तर मला आयकरात ८० जीची, म्हणजे देणगीवरची, सवलत मिळेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ती हयातीत दिलेल्या देणगीवर मिळते, संस्थेला तशी मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर. रोखीत दोन हजारांच्या वर दिलंत तर मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइन द्या. मृत्युपत्राने दिलेल्यावर आपल्याकडे करही नाही, मृत्यूकर १९८५ साली रद्द झाला. म्हणून मी पुष्कळांना दोन भाग करायला सांगते : थोडं दरवर्षी आत्ता, उरलेलं मागे. दरवर्षी दिलंत की संस्थेत जाणंयेणं राहतं. देणगीचं प्रमाणपत्र तेवढं वेळेवर मागून घ्या, विवरणपत्र भरताना लागतं.